क्रमांक ४९, नवी एन्ट्री : साठच्या दशकातले पॉप चार्ट बनायचे तरी कसे?

११ ऑक्टोबर १९६२. ब्रिटनमधल्या रेकॉर्ड विक्रेत्यांसाठी निघणाऱ्या 'रेकॉर्ड रिटेलर' या साप्ताहिकात नेहमीप्रमाणे पन्नास गाण्यांची यादी आली. सगळ्यात वर 'टेलस्टार' ही बिनशब्दांची धून. आणि पार तळाशी, शेवटून दुसऱ्या जागी, एक नवी एन्ट्री : 'लव्ह मी डू', बीटल्स, क्रमांक ४९. गंमत म्हणजे पार्लोफोन कंपनीच्या त्या तबकडीचा कॅटलॉग क्रमांकही ४९४९ होता.

पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक असल्यामुळे ती ओळ आज वाचताना अंगावर काटा वगैरे येतो. पण त्या गुरुवारी यादी चाळणाऱ्या दुकानदाराला त्यातून फार तर एवढंच कळलं असेल, की लिव्हरपूलकडची कुठली तरी मंडळी थोडीफार खपायला लागली आहेत, चार प्रती मागवून ठेवाव्यात.

आता साधा प्रश्न. ४९ म्हणजे किती? त्या आठवड्यात 'लव्ह मी डू'च्या किती प्रती विकल्या गेल्या? याचं उत्तर त्या यादीत नाही, आणि यादी बनवणाऱ्यांकडेही नव्हतं. साठच्या दशकातले चार्ट वाचताना ही गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्यावी लागते : ते आकडे मोजून आलेले नाहीत, विचारून आलेले आहेत. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्यांनाच इतिहास मानलं, आणि त्यावरून आजही हिरिरीने भांडणं होतात.

मोजणी नव्हे, विचारपूस

सुरुवात झाली ती जाहिराती मिळवण्याच्या खटपटीतून. १९५२ पर्यंत ब्रिटनमध्ये गाण्याची लोकप्रियता मोजायची ती छापील स्वरलिपीच्या विक्रीवरून. घरात पियानो असायचा, लोक कागद विकत आणून गाणं वाजवायचे. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या नव्या साप्ताहिकाचे जाहिरात विभाग सांभाळणारे पर्सी डिकिन्स यांनी ठरवलं की आता रेकॉर्डच्या विक्रीची यादी छापायची. त्यांनी वीसेक दुकानांना फोन लावले, तुमच्याकडे या आठवड्यात काय खपलं ते विचारलं, सगळ्यांची गोळाबेरीज केली आणि १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात ब्रिटनचा पहिला सिंगल्स चार्ट, म्हणजे एकेका गाण्यासाठी निघणाऱ्या छोट्या तबकड्यांची यादी, छापला. नाव 'टॉप ट्वेल्व्ह', पण बरोबरीत आलेली गाणी इतकी की बारा जागांत पंधरा रेकॉर्डी बसल्या होत्या.

ही बरोबरी का व्हायची, त्यातच सगळ्या पद्धतीचं मर्म आहे.

दुकानदार विक्रीचे आकडे देत नसत, क्रम सांगत. आमच्याकडे हे पहिलं, हे दुसरं, हे तिसरं. पहिल्याला सगळ्यात जास्त गुण, मग उतरत्या क्रमाने कमी, आणि सगळ्या दुकानांच्या गुणांची बेरीज म्हणजे चार्ट. समजा, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानात एखाद्या गाण्याच्या पाचशे प्रती गेल्या आणि ते तिथे पहिलं आलं. वेल्समधल्या एखाद्या गावात सायकली आणि रेडिओ विकणाऱ्या दुकानाच्या कोपऱ्यात दुसऱ्या गाण्याच्या वीस प्रती गेल्या आणि ते तिथे पहिलं आलं. दोघांना गुण सारखेच. पाचशे आणि वीस यांच्यातला फरक त्या कागदावर कुठेच उमटत नाही. शिवाय दुकानं थोडी आणि गुण ठरावीक, म्हणजे दोन-तीन गाण्यांची बेरीज सारखी येणं हे रोजचंच.

आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. पद्धत वाईट नाही, पण त्यासाठी शीत भांड्याच्या मधलं हवं. कडेचं उचललं तर खालचा भात करपलाय की कच्चा राहिलाय ते कळत नाही. साठच्या दशकातल्या याद्यांची अडचण नेमकी हीच होती. दुकानं कशी निवडायची याचं शास्त्र कुणी लावलं नव्हतं. जे फोन उचलत, जे नेमाने पोस्टाने उत्तर पाठवत, ते यादीत. मार्च १९६० मध्ये 'रेकॉर्ड रिटेलर'ने पन्नास गाण्यांची यादी सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे तीसेक दुकानांचीच माहिती यायची. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' आणि 'मेलडी मेकर' हे दुसरं संगीत-साप्ताहिक पुढे शंभराहून जास्त दुकानांना विचारू लागले. तीस दुकानांवरून पहिली दहा गाणी बऱ्यापैकी भरवशाने सांगता येतात. पण क्रमांक ४९? तिथे दोन-चार दुकानांनी कागदाच्या शेवटी एखादं नाव लिहिलं की ते आत, आणि नाही लिहिलं की बाहेर.

म्हणून बीटल्सची ती पहिली एन्ट्री 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'च्या तीस गाण्यांच्या यादीत वेगळी दिसते. तिथे 'लव्ह मी डू' २७ व्या क्रमांकाच्या वर गेलंच नाही. 'रेकॉर्ड रिटेलर'मध्ये तेच गाणं डिसेंबरअखेरीस १७ पर्यंत चढलं. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी लिव्हरपूलमधल्या आपल्या दुकानासाठी दहा हजार प्रती उचलून गाणं यादीत घुसवलं अशी वदंता तेव्हापासून आहे, आणि त्यांनी ती नाकारली होती. मला त्या वदंतेत एक हिशेबाची चूक दिसते. क्रमाला गुण देण्याच्या पद्धतीत एका दुकानात दहा हजार प्रती खपवल्या काय नि दोनशे खपवल्या काय, त्या दुकानातला पहिला क्रमांक तेवढा मिळणार. लबाडी करायचीच तर वेगवेगळ्या गावांतल्या, यादीसाठी विचारल्या जाणाऱ्या दुकानांत थोड्या थोड्या प्रती घ्यायला हव्यात. तसं करणारे लोकही होते. कोणत्या दुकानांना विचारतात ही माहिती गुप्त राहत नसे, आणि ज्याच्या हातात ती पडली त्याला बाकी फारसं काही करावं लागत नसे.

नवं गाणं तळातूनच का यायचं

आजचे चार्ट पाहणाऱ्याला साठच्या दशकातली यादी उलटी वाटेल. आज नामांकित गायकाचं गाणं पहिल्याच आठवड्यात शिखरावर येतं आणि मग घसरत जातं. तेव्हा गाणं पंचेचाळिसाव्या, अडतिसाव्या जागी शिरायचं, दर आठवड्याला दहा-बारा पायऱ्या चढायचं, महिन्याभराने पोहोचलं तर पोहोचलं.

कारणं अगदी व्यवहारातली आहेत. सिंगल साधारणपणे शुक्रवारी बाजारात यायची. बीटल्सच्या बहुतेक तबकड्या शुक्रवारीच निघाल्या. दुकानं रविवारी बंद. म्हणजे पहिल्या आठवड्याच्या हिशेबात विक्रीचे दिवस दोनच, शुक्रवार आणि शनिवार. त्यात किंमत साडेसहा शिलिंगच्या आसपास. शाळा सोडून नुकत्याच कामाला लागलेल्या पोरांना आठवड्याचा पगार हातात पडल्यावर एखादी घेता यायची, दोन घेताना विचार करावा लागायचा. आणि मुख्य म्हणजे गाणं ऐकल्याशिवाय कोण घेणार? ऐकणार कुठे, हा त्या काळातला मोठाच पेच होता, त्याकडे येतोच.

या नियमाला 'रेकॉर्ड रिटेलर' आणि तिच्या पुढच्या अधिकृत यादीत सबंध दशकात चारच अपवाद आहेत. मार्च १९६० मध्ये लॉनी डोनेगनचं 'माय ओल्ड मॅन्स अ डस्टमन' हे विनोदी गाणं, नोव्हेंबर १९६० मध्ये एल्व्हिस प्रेस्लीचं 'इट्स नाऊ ऑर नेव्हर', जानेवारी १९६२ मध्ये क्लिफ रिचर्डचं 'द यंग वन्स' आणि थेट एप्रिल १९६९ मध्ये बीटल्सचं 'गेट बॅक'. ही चार गाणी आली ती सरळ पहिल्या क्रमांकावर.

यातलं एल्व्हिसचं प्रकरण सगळ्यात बोलकं आहे. 'इट्स नाऊ ऑर नेव्हर' अमेरिकेत जुलै १९६० मध्येच निघालं होतं. पण त्याची चाल 'ओ सोले मिओ' या जुन्या इटालियन गाण्याची, आणि ब्रिटनमध्ये तिच्या हक्कांचा गुंता सुटेपर्यंत रेकॉर्ड विकायला परवानगी नव्हती. तीन-साडेतीन महिने लोकांनी गाण्याबद्दल फक्त वाचलं. दुकानांत आगाऊ मागणी साचत गेली ती पाच लाखांच्या पुढे. रेकॉर्ड बाजारात आली त्या दिवशी ती मागणी एकदम मोकळी झाली. 'द यंग वन्स'चीही आगाऊ नोंदणी पाच लाखांच्या पुढे होती, कारण त्याच नावाचा सिनेमा आधीच पडद्यावर होता. थोडक्यात, वरून येणारी एन्ट्री म्हणजे गाणं अचानक आवडलं असं नव्हे. लोकांनी ते ऐकण्याआधीच विकत घ्यायचं ठरवलेलं असायचं.

जाता जाता, क्लिफ रिचर्डचा जन्म लखनौचा, १९४० चा. १९६७ मध्ये 'रिलीज मी' गाणारा एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासमध्ये जन्मलेला. १९६१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला ईडन केन आणि १९६९ मध्ये गेलेला पीटर सारस्टेड हे सख्खे भाऊ दिल्लीत जन्मले. ब्रिटिश राजवट संपण्याच्या आगेमागे परतलेल्या कुटुंबांची ही मुलं. आणि क्लिफची गाणी उलट दिशेनेही प्रवास करत होती : पाचगणीच्या शाळेत 'द हेक्टिक्स' नावाचा मुलांचा बँड ती वाजवायचा. त्यात पियानोवर बसणारा मुलगा पुढे 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून गाजला.

एकाच आठवड्यात अनेक नंबर वन

सगळ्यात जास्त वाद ज्यावर होतात ती गोष्ट इथे येते. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये 'द चार्ट' असा एक नव्हताच. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'चा वेगळा, 'मेलडी मेकर'चा वेगळा, 'डिस्क'चा वेगळा, 'रेकॉर्ड रिटेलर'चा वेगळा. 'रेकॉर्ड मिरर'ही स्वतःची यादी काढायचं, ते १९६२ मध्ये थांबलं आणि 'रेकॉर्ड रिटेलर'चीच यादी छापू लागलं. प्रत्येकाची दुकानं वेगळी, मोजणीचा वार वेगळा, यादीची लांबी वेगळी. तरुण पोरं वाचायची ते 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'. १९६४ च्या सुमारास त्याचा खप तीन लाखांच्या घरात होता. 'रेकॉर्ड रिटेलर' हे व्यापाऱ्यांचं पत्रक, सामान्य श्रोत्याच्या हातात ते पडायचंच नाही.

फेब्रुवारी १९६३ मध्ये बीटल्सचं दुसरं गाणं 'प्लीज प्लीज मी' वर चढलं. 'मेलडी मेकर' आणि 'डिस्क' म्हणाले पहिलं. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' म्हणालं पहिलं, पण फ्रँक आयफिल्डच्या 'द वेवर्ड विंड'शी बरोबरीत. 'रेकॉर्ड रिटेलर' म्हणालं दुसरं. त्या वेळी इंग्लंडमध्ये कुणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं : नंबर वन. बीटल्स स्वतःही तसंच समजत होते.

मग १९७७ मध्ये गिनेसने ब्रिटिश हिट सिंगल्सचं मोठं संदर्भपुस्तक काढलं. संपादकांना १९५२ पासून सलग एक यादी हवी होती. त्यांनी मार्च १९६० पर्यंत 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' घेतलं आणि तिथून पुढे 'रेकॉर्ड रिटेलर', कारण तिथे तीसऐवजी पन्नास गाणी होती आणि पुढच्या अधिकृत चार्टशी तिचा सांधा नीट जुळत होता. संपादकाच्या नजरेतून पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा की सगळ्यात कमी दुकानांची, त्या काळी सगळ्यात कमी वाचली गेलेली यादी मागाहून 'अधिकृत' ठरली. २००० साली बीटल्सच्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचा '१' हा संग्रह निघाला, त्यात २७ गाणी आहेत आणि 'प्लीज प्लीज मी' नाही. 'लव्ह मी डू' मात्र आहे, कारण ते १९६४ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं होतं. रोलिंग स्टोन्सच्या 'नाइन्टीन्थ नर्व्हस ब्रेकडाउन'चीही तीच गत झाली. १९६६ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'च्या वाचकांसाठी ते नंबर वन होतं, आजच्या नोंदींत ते दुसरं आहे.

'रेकॉर्ड रिटेलर'च्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी, म्हणून तिच्यात लुडबुड करण्यातही कुणाला फारसा फायदा नव्हता. लोकप्रिय यादी जास्त दुकानं विचारते, पण तिलाच फसवायची इच्छाही जास्त लोकांना होते. यातली बरी कुठली, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण एकीला खरी आणि दुसरीला खोटी ठरवणं मला पटत नाही.

बीबीसीने यावर आपल्या स्वभावाला शोभेल असा तोडगा काढला होता. कुणा एकाची बाजू घ्यायची नाही. सगळ्या साप्ताहिकांच्या याद्यांची सरासरी काढायची. 'पिक ऑफ द पॉप्स' या रेडिओ कार्यक्रमात आणि १ जानेवारी १९६४ पासून दूरचित्रवाणीवरच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये ऐकू येणारा क्रम हा असा होता. म्हणजे अंदाजांची सरासरी. व्हायचं तेच झालं. ऑगस्ट १९६८ मध्ये एका आठवड्यात बीबीसीच्या यादीत तीन गाणी पहिल्या क्रमांकावर बरोबरीत आली : बी जीज, बीच बॉइज आणि हर्ब अल्पर्ट. देशाला तीन नंबर वन असल्याचं गंभीर चेहऱ्याने जाहीर करायची पाळी आली, तेव्हा कुठे वरिष्ठांना वाटलं की आता काहीतरी करायला हवं.

ऐकणार कुठे?

मघाचा पेच. बीबीसीवर रेकॉर्ड वाजवायला वेळेचं बंधन होतं. वादकांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी झालेल्या कराराप्रमाणे दिवसातून मोजकेच तास रेकॉर्ड लावता यायच्या. बाकी वेळ वाद्यवृंदाने प्रत्यक्ष वाजवायचं. त्यामुळे चालू गाणी श्रोत्यांना बरेचदा मूळ गायकाऐवजी स्टुडिओतल्या वाद्यवृंदाकडून ऐकावी लागायची. बीटल्ससारखे बँड बीबीसीच्या स्टुडिओत जाऊन आपलीच गाणी पुन्हा का वाजवायचे आणि ती ध्वनिमुद्रणं आज इतकी का उपलब्ध आहेत, याचं उत्तर या बंधनात आहे. संध्याकाळी २०८ मीटरवर रेडिओ लक्झेंबर्ग लागायचं, पण तिथला वेळ रेकॉर्ड कंपन्यांनीच विकत घेतलेला. कंपनीला जे विकायचं ते ऐकायचं, तेही आवाज येत-जात असताना.

२८ मार्च १९६४ ला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर नांगर टाकलेल्या जहाजावरून रेडिओ कॅरोलाइनचं प्रक्षेपण सुरू झालं. देशाच्या सागरी हद्दीबाहेर असल्याने बीबीसीचे करार तिथे लागू नव्हते. दिवसभर रेकॉर्ड. मागोमाग रेडिओ लंडन आलं आणि त्याने स्वतःची 'फॅब फॉर्टी' यादी सुरू केली. तिचं दुकानातल्या विक्रीशी फारसं नातं नव्हतं. स्टेशनला जे पुढे खपेल असं वाटे ते ती आधीच वर दाखवायची. जहाजांवर काही गाणी पैसे घेऊनही वाजत. तरीही एन्ट्रीच्या गणितात मोठा बदल झाला : छोट्या कंपनीच्या, अनोळखी गायकाच्या तबकडीला आता बीबीसीची कृपा न होताही देशभर कान मिळू लागले.

सरकारने ऑगस्ट १९६७ मध्ये कायदा करून जहाजांना रसद आणि जाहिराती देणं गुन्हा ठरवलं. ३० सप्टेंबरला बीबीसीने पॉप संगीतासाठी रेडिओ वन हे केंद्र सुरू केलं आणि त्यासाठी निवेदक आणले ते बरेचसे त्याच जहाजांवरचे.

अमेरिकेत गणितच वेगळं

'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाची 'हॉट हंड्रेड' यादी ४ ऑगस्ट १९५८ पासूनची. तिच्यात विक्रीबरोबर रेडिओवर गाणं किती वाजतं तेही धरलं जायचं. मराठी वाचकाला हे बिनाका गीतमालावरून चटकन कळेल; अमीन सायानींच्या पायदानांमागेही रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं अशी मिसळच होती. रेडिओचा भाग धरला की नवी एन्ट्री आणखी खाली जाते. विक्री एका दिवसात उसळू शकते, पण शेकडो शहरांतल्या स्टेशनांनी गाणं उचलायला आठवडे लागतात. आधी एका शहरात चालतं, मग शेजारच्या शहराला बातमी लागते. म्हणून अख्ख्या साठच्या दशकात 'हॉट हंड्रेड'मध्ये कुठलंही गाणं पहिल्या क्रमांकावर शिरलं नाही. बीटल्सचं 'हे ज्यूड' सप्टेंबर १९६८ मध्ये दहाव्या क्रमांकावर आलं, आणि तोवरची ती सगळ्यात उंच एन्ट्री होती. थेट पहिल्या क्रमांकावर येणारं पहिलं गाणं मिळायला १९९५ उजाडलं. ते मायकल जॅक्सनचं.

मग अमेरिकेत गाण्याचा जोर कशात दिसायचा? उडीत. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' १८ जानेवारी १९६४ ला ४५ वर शिरलं, पुढच्या आठवड्यात ३ वर, त्याच्या पुढच्या आठवड्यात १ वर. 'कान्ट बाय मी लव्ह' तर २७ वरून एकदम पहिलं. आणि त्याच आठवड्यात, ४ एप्रिल १९६४ ला, पहिल्या पाचही जागा बीटल्सच्या.

हा विक्रम नेहमी वेडाचं मोजमाप म्हणून सांगितला जातो. वेड होतंच. पण एका बँडची पाच गाणी एकाच वेळी बाजारात आलीच कशी, हे पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. बीटल्सच्या पार्लोफोनची मालक ब्रिटिश ईएमआय, आणि तिचीच अमेरिकन कंपनी कॅपिटॉल. तिने १९६३ भर बीटल्सना नाकारलं. त्यामुळे ती गाणी व्ही-जे आणि स्वान अशा छोट्या कंपन्यांकडे गेली, आणि तिथे ती पडून राहिली. वर्षअखेरीस कॅपिटॉलचं मत बदललं, फेब्रुवारीत बँड अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकला आणि ज्याच्याकडे जे होतं ते त्याने बाहेर काढलं. त्या पाच गाण्यांपैकी दोनच कॅपिटॉलची होती. कॅपिटॉलने पहिल्याच खेपेला होकार दिला असता तर ती गाणी वर्षभरात ओळीने निघून गेली असती आणि हा विक्रम झालाच नसता.

अमेरिकेबद्दल आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. नोव्हेंबर १९६३ अखेर ते जानेवारी १९६५ एवढ्या काळात 'बिलबोर्ड'ने कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताची वेगळी यादीच छापली नाही. ती यादी आणि 'हॉट हंड्रेड' यांच्यात इतकी गाणी समान होती की ती वेगळी ठेवण्यात अर्थ उरला नव्हता. आणि ती बंद झाली नेमकी ब्रिटिश बँडची लाट येण्याआधी. १९६४ मध्ये 'हॉट हंड्रेड' ब्रिटिश नावांनी भरून गेली, आणि ज्या अनेक सोल (कृष्णवर्णीयांची भावपूर्ण गायकी) गायकांची गाणी त्या वेगळ्या यादीत वर दिसली असती त्यांच्या नावापुढे त्या वर्षासाठी कोरी जागा राहिली. सुप्रीम्ससारखे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे कलाकार पॉपच्या यादीतच पहिल्या क्रमांकावर गेले, त्यांचं भागलं. बाकीच्यांचं नाही.

खपलेलं आणि आठवणीत राहिलेलं

जुन्या नव्या-एन्ट्री चाळण्यात मला सगळ्यात मजा येते ती इथे. साठचं दशक म्हणजे लांब केसांची पोरं आणि गिटारी, हे चित्र यादी क्षणात मोडते.

ब्रिटनमध्ये त्या दशकात सगळ्यात जास्त खपलेल्या पाच सिंगलपैकी चार बीटल्सच्या. पाचवी? केन डॉड या विनोदी नटाने १९६५ मध्ये गायलेलं 'टिअर्स'. गुळगुळीत, रडवेलं, आजीला आवडेल असं गाणं. पाच आठवडे पहिलं आणि दहा लाखांहून जास्त प्रती. १९६६ च्या शरद ऋतूत 'डिस्टंट ड्रम्स' पाच आठवडे पहिलं होतं, गायक जिम रीव्हज, आणि तो १९६४ मध्येच विमान अपघातात गेला होता. १९६७ म्हणजे फुलं माळलेल्या हिप्पींचा उन्हाळा म्हणतात. त्या वर्षी सहा आठवडे शिखरावर बसून बीटल्सच्या 'पेनी लेन'ला दुसऱ्या क्रमांकावर अडवलं ते एंगलबर्टच्या 'रिलीज मी'ने, जे सलग ५६ आठवडे यादीत राहिलं. अॅकर बिल्कची क्लॅरिनेटवरची 'स्ट्रेंजर ऑन द शोअर' नोव्हेंबर १९६१ मध्ये आली आणि 'रेकॉर्ड रिटेलर'मध्ये पहिल्या क्रमांकावर न जाता ५५ आठवडे टिकली. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचं 'माय वे' एप्रिल १९६९ मध्ये शिरलं, पाचव्याच्या वर गेलं नाही, आणि बाहेर पडून पुन्हा आत, पुन्हा बाहेर असं करत १९७२ उजाडेपर्यंत दिसत राहिलं.

हे विकत घेणारे कोण? बहुधा वर्षातून दोन-तीनच रेकॉर्ड घेणारे, साप्ताहिकं न वाचणारे, चाळिशी-पन्नाशीतले लोक. त्यांच्या आठवणी कुणी लिहिल्या नाहीत. संगीतावर पुढे पुस्तकं लिहिली ती गिटारवाल्यांच्या चाहत्यांनी.

आणि सुरुवातीच्या यादीत शिखरावर असलेलं 'टेलस्टार'. त्याच नावाचा दूरसंचार उपग्रह १० जुलै १९६२ ला अवकाशात गेला आणि ऑगस्टअखेर ही धून यादीत आली. ती बनवली जो मीक याने, उत्तर लंडनमधल्या हॉलोवे रोडवर, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या भाड्याच्या घरात. मोठ्या कंपन्यांचे स्टुडिओ शिस्तीत चालत असताना हा माणूस घरातल्या खोल्यांत वादक बसवून मुद्रण करायचा. डिसेंबरात ती अमेरिकेतही पहिली आली. ब्रिटिश बँडने अमेरिका जिंकायची गोष्ट १९६४ पासून सांगायची पद्धत आहे. 'टेलस्टार' वाजवणारा टॉर्नेडोज हा बँड तिथे वर्षभराहून आधी पोहोचला होता.

अखेर मोजायला लागले

तीन नंबर वनची नामुष्की झाल्यावर बीबीसी आणि 'रेकॉर्ड रिटेलर' यांनी मिळून 'ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्यूरो' या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेला काम दिलं. १५ फेब्रुवारी १९६९ पासून नवा चार्ट सुरू झाला. आता सुमारे सहा हजार दुकानांतून २५० निवडलेली दुकानं, प्रत्येकाकडे नोंदवही, विकलेल्या प्रत्येक सिंगलची तीत नोंद, आणि शनिवारी दुकान बंद झाल्यावर वही पोस्टात. क्रम नव्हे, प्रती. पोस्टाची दिरंगाई आणि वहीत खोट्या नोंदी हे त्रास राहिलेच, पण वीस आणि पाचशे यांच्यातला फरक आता कागदावर दिसू लागला. दोन महिन्यांत 'गेट बॅक' थेट पहिल्या क्रमांकावर शिरलं ते या यादीत.

नव्या पद्धतीची पहिली चमत्कारिक परीक्षा त्याच उन्हाळ्यात झाली. सर्ज गेन्सबुर आणि जेन बर्किन यांचं फ्रेंच गाणं 'जे तेम... म्वा नों प्लू' फोंटाना कंपनीने काढलं होतं. त्यातले उसासे ऐकून बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, आणि गाणं दुसऱ्या क्रमांकावर असताना फोंटानाने लाजेकाजेस्तव ते बाजारातून काढून घेतलं. मेजर मायनर या छोट्या कंपनीने लगेच हक्क मिळवले. तिचा मालक काही काळ रेडिओ कॅरोलाइनच्या संचालकांत होता, वाजत नसलेलं गाणं विकायचं कसं हे त्याला सांगायला नको. ध्वनिमुद्रण तेच, गायक तेच, फक्त लेबल नवं. नोंद ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ही वेगळी तबकडी, म्हणून नवी एन्ट्री. ऑक्टोबर १९६९ मध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली. ब्रिटनमध्ये परभाषेतलं गाणं पहिल्यांदाच तिथे पोहोचलं. चार्टच्या पुस्तकात आजही त्या एकाच मुद्रणाच्या दोन ओळी आहेत, एक फोंटाना, सर्वोच्च क्रमांक २, आणि दुसरी मेजर मायनर, सर्वोच्च क्रमांक १.